बस: उपलब्ध. मग चालायचं का? लांज्याच्या गावांचं जनगणनेतलं पान कसं वाचायचं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांच्या वाडीत रेंज फक्त एका ठरावीक आंब्याखालीच येते, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधीतरी आपल्या गावाचं नाव नेटवर टाकून बघितलं असेल. काय सापडतं? एक पान. लोकसंख्या इतकी, कुटुंबं इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. आणि खाली तीन कोरड्या ओळी: सरकारी बससेवा गावात उपलब्ध. खासगी बस पाच ते दहा किलोमीटरवर. रेल्वे स्टेशन दहा किलोमीटरच्या पुढे. बस्स. गावाचा फोटो नाही, ग्रामदेवतेचं नाव नाही, पण लोकसंख्या आणि बस आहे.

आता रत्नागिरी जिल्ह्यातला लांजा तालुका घ्या. तिथल्या ज्या गावापुढे "बस: उपलब्ध" असं लिहिलंय, तिथली अकरावी-बारावीची मुलगी लांज्यात खोली करून का राहते? तिथल्या आजोबांना डायलिसिसला न्यायचं तर आदल्या रात्रीच रिक्षावाल्याला फोन का करावा लागतो? पान खोटं नाहीये. ते काय मोजतं आणि काय मोजत नाही, एवढाच आजचा विषय आहे. आणि हे आत्ता बोलायचं कारण म्हणजे पुढची जनगणना २०२७ ची आहे. २०२१ ची कोविडमुळे झालीच नाही. म्हणजे आज तुमच्या गावाबद्दल सरकारदरबारी जो आकडा वापरला जातो, तो २०११ चा. तेव्हा तुमच्यातले काही जण बालवाडीत होते.

आधी आकडा बघू

२०११ मध्ये लांजा तालुक्याची लोकसंख्या होती १,०६,९८६. अख्ख्या तालुक्याची हं, शहर धरून. मुंबईतल्या एखाद्या वॉर्डात याच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं राहतात, आणि त्यातली कितीतरी लांज्याचीच असतील.

रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा जास्त बोलका आहे. २००१ मध्ये १६,९६,७७७ आणि २०११ मध्ये १६,१५,०६९. दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा जवळपास पाच टक्क्यांनी घटला. शेजारचा सिंधुदुर्गही घटला. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. त्याच वेळी महाराष्ट्राचा आकडा होता ९२९. काही जण हा ११२२ चा आकडा वाचून "वा, मुलींचं प्रमाण किती छान" असं म्हणतात. अहो, तसं नाहीये ते! मोठा भाग हा आहे की पुरुष मुंबईला आहेत. गिरण्यांच्या काळापासून ते तसंच चालत आलंय. गिरण्या बंद झाल्या, आता वॉचमन, कुरियर, ऑफिस, हॉटेल, आयटी. जागा बदलली, दिशा तीच.

आता जनगणना माणूस कुठे मोजते? जिथे तो राहतो तिथे. मूळ गाव कुठलं, सातबाऱ्यावर नाव कुठे, कुलदैवत कुठलं, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी, आणि नंतर १ ते ५ मार्च पुन्हा एक फेरी. आता कोकणातल्या माणसाला विचारा, फेब्रुवारीत गाव कसं असतं? रिकामं. गणपती होऊन पाच महिने झालेले, मे महिना लांब, शिमगा तोंडावर पण आलेला नाही. त्या वर्षी होळी होती १९ मार्चला. म्हणजे मोजणारे गेले, आणि मग पालखी नाचवायला चाकरमानी आले.

हे काही कारस्थान नाही. देशभर एकाच वेळी मोजायचं तर कुठला तरी महिना धरावाच लागतो. पण परिणाम असा की कोकणातलं गाव कागदावर कायम त्याच्या सगळ्यात कोरड्या महिन्यातलं दिसतं. २०२७ मध्येही माणसांची मोजणी फेब्रुवारीत आहे, संदर्भ क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा, आणि होळी पुन्हा २२ मार्चच्या आसपास.

गाव म्हणजे कोण?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

घाटावरचं गाव डोळ्यांसमोर आणा. मध्ये घरं दाटीवाटीने, सभोवती शेतं. वेशीत बस आली की गावात बस आली. लांज्यातलं गाव तसं नसतं. ते वाड्यांचं असतं. खाली नदीकाठी एक वाडी, मग मळा, मग चढ, मग दुसरी वाडी, मग पऱ्या, त्यावर साकव, पलीकडे तिसरी. वर कातळाचा सडा, आणि सड्याच्याही पलीकडे डोंगराला चिकटून एखादा धनगरवाडा, दहा-पंधरा घरांचा. महसुली नोंदीत हे सगळं मिळून एक गाव. एक नाव, एक क्रमांक, एक लोकसंख्या.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत सोयीसुविधांचा तक्ता असतो तो या महसुली गावाचा. प्रश्न असा असतो: बस आहे का? हो किंवा नाही. नसेल तर किती लांब? त्याचे तीनच गट: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, आणि दहाच्या पुढे. झालं. बस दिवसातून किती वेळा येते, हे नाही. सकाळी कॉलेजच्या वेळेला येते का, हे नाही. पावसाळ्यात येते का, तेही नाही. आणि मुख्य म्हणजे कुठल्या वाडीपर्यंत येते, हे नाही.

समजा एक गाव आहे, १२०० माणसांचं, नऊ वाड्यांचं. खालच्या वाडीत सड्याच्या पायथ्याला पिकअप शेड. तिथे दिवसातून दोन गाड्या. तक्त्यात काय? उपलब्ध. वरच्या वाडीतली बाई डोक्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन पाखाडी चढते तीन किलोमीटर, तिच्यासाठीही उपलब्ध. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. आपल्याकडे फोटो काढायला छान दिसते.

माचाळचं उदाहरण

लांज्यात याचं टोकाचं उदाहरण म्हणजे माचाळ. इन्स्टावर रील बघितली असेल तुम्ही, धुकं, उतरत्या छपरांची घरं, "कोकणातलं महाबळेश्वर" वगैरे. सह्याद्रीच्या माथ्यावर, पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातला विशाळगड. मुचकुंदी नदी इथूनच उगम पावते, मुचकुंद ऋषींची गुहा आहे. अगदी अलीकडच्या काळापर्यंत तिथे गाडी जात नव्हती. पायथ्याच्या गावापासून चढून जायचं, रेशन डोक्यावर, आजारी माणूस डोलीत. आपण ज्याला ट्रेक म्हणतो ते तिथल्या लोकांचं जाणं-येणं होतं.

रस्ता झाल्यावर पहिल्यांदा कोण वर गेलं? पर्यटक. त्यात वाईट काही नाही, होमस्टे चालतात, चार पैसे येतात. पण रस्ता आणि वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माचाळ बघितल्यावर पटतं. रस्ता असला की ज्याच्याकडे गाडी आहे तो पोचतो. ज्याच्याकडे नाही, त्याला कोणीतरी चालवलेली, वेळेवर येणारी, परवडणारी गाडी लागते.

रस्ता कोणाला मिळतो?

आता लोकसंख्येचा आणि रस्त्याचा थेट संबंध कुठे लागतो ते बघा.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिचं तत्त्व चांगलं होतं: गाव नाही, वस्ती हे एकक. म्हणजे आपल्या भाषेत वाडी. पण वस्तीला उंबरठा होता. सपाट भागात ५०० लोकसंख्या हवी. डोंगरी राज्यं, अनुसूचित आदिवासी क्षेत्रं आणि वाळवंटी भाग यांना सवलत, तिथे २५० पुरेत.

लांजा कशात बसतो? डोंगर तर भरपूर आहेत. पण "डोंगरी राज्यं" म्हणजे हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, ईशान्येकडची राज्यं. महाराष्ट्र त्यात नाही. अनुसूचित क्षेत्रातही लांजा नाही, आणि वाळवंट तर देवाच्या कृपेने नाहीच. म्हणजे नियमाच्या नजरेत लांज्याची घाटी आणि सोलापूरचं माळरान एकच: ५०० माणसं दाखवा.

वर समजलेल्या गावात नऊ वाड्यांत १२०० माणसं. सरासरी काढा, एका वाडीला १३३. जवळजवळच्या वस्त्या, म्हणजे ५०० मीटरच्या आतल्या, एकत्र धरायची सोय नियमात आहे. पण मध्ये पऱ्या आणि चढ असला की नकाशावरचे ५०० मीटर पायाखाली बरेच वाढतात. डोंगरी भागासाठी हेच अंतर पायवाटेने दीड किलोमीटर धरतात, पण तो डोंगरी भाग म्हणजे पुन्हा वरच्या यादीतलाच.

राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना काढली ती अशा मागे राहिलेल्या वस्त्यांचाही विचार करून. त्यातून बरेच रस्ते झाले, हे मान्य करायला हवं. केंद्राच्या योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, ७०,१२५ कोटींचा, ६२,५०० किलोमीटरचा. त्यातही सपाट भागाला ५०० चाच उंबरठा आहे, आणि लोकसंख्या धरली जाते ती? बरोबर, २०११ ची.

पैशाचंही तेच. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतींत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन आणि क्षेत्रफळाला १० टक्के. आता लांज्यातल्या ग्रामपंचायतीचं दुखणं उलटं असतं. माणसं कमी, पण पसारा मोठा. नऊ वाड्यांना नऊ दिशांनी पाइप, दिवे, साकव, पाखाड्या. गणपतीत पाणी लागतं ते दुप्पट माणसांना, निधी येतो तो फेब्रुवारीतल्या माणसांवर.

बाय द वे, डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण कोकणात सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या वाड्या बहुतेक कोणाच्या, हे कोणालाही विचारा. पाटी बदलली तरी अंतर तेवढंच आहे.

आणि मग एसटी

एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली. लांज्याला स्वतःचं आगार आहे, ही तालुक्यासाठी मोठी गोष्ट. गावातली गाडी कशी चालते हे कळायला दोन शब्द माहीत हवेत: भारमान आणि वस्तीची गाडी.

भारमान म्हणजे गाडीतल्या जागा किती भरल्या त्याचं प्रमाण. फेरी चालवायला डिझेल, चालक, वाहक, टायर सगळं लागतं, आणि गाडी अर्धी रिकामी गेली की ती फेरी कागदावर तोट्यात. आता वाडीच्या गाडीचा स्वभाव बघा. सकाळी गावातून लांज्याकडे येताना ती खचाखच, जाताना जवळपास रिकामी. संध्याकाळी उलटं. म्हणजे उत्तम चालणारी गाडीसुद्धा सरासरीत निम्म्यावर येते. त्यात गावात मोटरसायकली आल्या, तरुण पोरं गाडीत बसेनाशी झाली, राहिले म्हातारे, बायका आणि विद्यार्थी. म्हणजे ज्यांना दुसरा पर्यायच नाही तेच.

वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन तिथेच मुक्काम करणारी. चालक-वाहक शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या ओसरीवर झोपतात आणि पहाटे तीच गाडी शहराकडे निघते. माझ्या मते गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी या एका गाडीइतकं काम फार कमी योजनांनी केलं असेल. कारण सकाळी साडेसहाला वरच्या गावातून निघणारी गाडी आदल्या रात्री वर असेल तरच निघते. ती बंद झाली की लांज्याहून पहिली गाडी वर पोचून परत येईपर्यंत कॉलेजचे दोन तास झालेले. तक्त्यात मात्र बस अजूनही उपलब्धच!

मग काय होतं? मुलीला लांज्यात किंवा रत्नागिरीत खोली. दोन वर्षं खोलीचं भाडं भरल्यावर घरात विचार सुरू होतो, की आईनेही तिकडेच का राहू नये. धाकट्याची शाळाही तिकडेच होईल. गावातल्या शाळेचा पट एकाने कमी. गाडीतला एक पास कमी. भारमान आणखी खाली. पुढच्या वेळापत्रकात दुपारची फेरी गेली. पुढच्या जनगणनेत घर बंद. लोकसंख्या कमी म्हणून गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणून लोकसंख्या कमी. कुठून सुरुवात झाली ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

सवलती आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत, मुलींना बारावीपर्यंत मोफत पास. आणि त्यांचा फायदा होतोच. पण सवलत तिकिटावर आहे. गाडीच आली नाही तर वडापवाला अर्धं तिकीट घेत नाही.

हायवे आणि रेल्वे आहेत की!

असं कोणीतरी म्हणणारच. लांजा मुंबई-गोवा महामार्गावर आहे, पूर्वीचा १७ नंबर, आता ६६. चौपदरीकरणात आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे टप्पे रखडलेल्यांच्या यादीत कायम पुढे राहिले, आणि लांजा शहर या दुसऱ्या टप्प्यात येतं. हायवेची गंमत अशी आहे की तो लांज्याला मुंबईच्या जवळ आणतो. गावाला लांज्याच्या जवळ आणायचं काम त्याचं नाही.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. तालुक्यात आडवली, वेरवली, विलवडे ही स्टेशनं. लांजा शहरात स्टेशन नाही, रूळ शहरापासून बाजूला आहेत. म्हणून दादरहून निघालेला चाकरमानी शेकडो किलोमीटर एका तिकिटात येतो, आणि शेवटच्या बारा-पंधरा किलोमीटरला अडकतो. पहाटे उतरलात, बाहेर एसटी नाही, रिक्षावाला म्हणेल तो दर. गणपतीत जादा गाड्या सुटतात मुंबईपासून तालुक्यापर्यंत. तालुक्यापासून वाडीपर्यंत कोण सोडणार, यावर फार कोणी पत्रकार परिषद घेत नाही.

खरं सांगायचं तर पूर्वी हा भाग इतका आडबाजूचा नव्हता. साटवलीपर्यंत मुचकुंदीच्या खाडीतून व्यापार चालायचा, प्रभानवल्लीवरून घाटाकडे वाट होती. तेव्हाची वाहतूक नदी आणि घाटाच्या दिशेने, आडवी. आताची सगळी मुंबई-गोवा, उभी. उभ्या रेषेवर जी गावं आली ती जवळ झाली, बाकीची होती तिथेच राहिली आणि लांब झाली.

तुमच्या फोनवर करण्यासारखं

जनगणनेच्या संकेतस्थळावर रत्नागिरीची २०११ ची जिल्हा पुस्तिका मोफत मिळते. त्यातल्या भाग अ मध्ये लांजा तालुका शोधा आणि आपल्या गावाची ओळ वाचा. प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे, तो लिहून ठेवा, कारण एकाच नावाची गावं कोकणात ढीगभर, त्यात बुद्रुक आणि खुर्द. मग शेजारी स्वतःचा तक्ता करा: कुठल्या वाडीपासून थांबा किती मिनिटं चालत, पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, पावसाळ्यात कुठल्या साकवापाशी अडतं. किलोमीटर नको, मिनिटं लिहा. चढ मिनिटांत दिसतो.

गाडीची मागणी करायची तर तोंडी बोलून उपयोग होत नाही. ग्रामसभेचा ठराव करून तो आगार व्यवस्थापकाकडे द्यायचा, आणि त्यासोबत किती विद्यार्थी, कुठल्या कॉलेजला, किती वाजता ही यादी. वस्तीची गाडी हवी असेल तर चालक-वाहकांसाठी खोली, पाणी आणि संडास गाव देईल असं लिहून द्या. बऱ्याचदा गाडी अडते ती यावर, आणि बोलणं मात्र भारमानावर होतं.

आणि २०२७ ची जनगणना. दोन टप्पे आहेत, आधी घरयादी, मग फेब्रुवारीत माणसं. या वेळी नोंद मोबाइलवर होणार आहे आणि स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांना ती भरायला मदत तुम्हालाच करायची आहे. काही जण म्हणतील, मुंबईतल्या मुलाचंही नाव गावात टाका, आकडा वाढेल. ते करू नका. तो मुंबईतही मोजला जाणार, आणि दोनदा मोजलेला माणूस आकडा बिघडवतो. पण जो खरंच गावात राहतो, तो सुटू देऊ नका. वरच्या वाडीतली एकटी राहणारी आजी, जी त्या आठवड्यात लेकीकडे गेली असेल. काजूच्या बागेवर राखणीला राहणारं नेपाळी कुटुंब. चिऱ्याच्या खाणीवरचे कर्नाटकातून आलेले कामगार, जे वर्षातले आठ महिने इथेच असतात. तेही त्या गाडीने जातात.

प्रगणक खालच्या वाडीत बसून वरच्या वाडीची माहिती विचारत असेल, तर त्याला पाखाडी दाखवा, आणि सोबत चढून जा.